वुड्रो विल्सन यांचे पुरोगामित्व आणि साम्राज्यवादाचा प्रश्न

प्रश्न असा आहे : देशांतर्गत कारभारात ज्यांची गणना निःसंशय पुरोगामी अमेरिकन अध्यक्षांत होते, त्या वुड्रो विल्सन यांनी मेक्सिको, हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथे फौजा उतरवल्या. मग जगाला त्यांनी ऐकवलेली स्वयंनिर्णयाची भाषा हे ढोंग होते का, आणि त्या काळात खुद्द अमेरिकेत कोणी त्यांना आडवे गेले होते का? आंतरराष्ट्रीय राजकारणाचा इतिहास शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून वारंवार येतो. त्याची दोन तयार उत्तरेही ठरलेली असतात. एका उत्तरानुसार विल्सन दुतोंडी होते. दुसऱ्यानुसार तो काळच तसा होता, त्यामुळे आजच्या कसोट्या त्यांना लावू नयेत. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. विल्सन यांच्या सुधारणा आणि त्यांच्या लष्करी मोहिमा एकाच श्रद्धेतून निघाल्या होत्या, आणि त्या श्रद्धेतला दोष त्यांच्याच समकालीनांनी, त्यांच्याच देशात, पुरेशा स्पष्टपणे दाखवून दिला होता.

आधी सुधारणांची बाजू पाहू, कारण ती खरीखुरी आणि भरीव होती. १९१३च्या मार्चमध्ये सत्तेवर आल्यानंतर विल्सन यांनी आयात शुल्क कमी केले आणि त्याच कायद्यात प्राप्तिकराची तरतूद केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मध्यवर्ती बँकिंगची फेडरल रिझर्व्ह ही व्यवस्था उभी राहिली. १९१४ मध्ये मक्तेदारीविरोधी क्लेटन कायदा आणि व्यापारावर देखरेख करणारा संघीय आयोग आला. १९१६ मध्ये बालमजुरीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, तो पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला, आणि बड्या कंपन्यांशी लढणारे वकील लुई ब्रँडाइस यांची कडवा विरोध पत्करून सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली. इतक्या थोड्या काळात इतके पायाभूत कायदे करून घेणारे अध्यक्ष अमेरिकेला फार लाभलेले नाहीत.

मात्र याच सरकारने १९१३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या संघीय कचेऱ्यांत, विशेषतः अर्थखाते आणि टपालखात्यात, कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९१४ मध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर हे कृष्णवर्णीय संपादक शिष्टमंडळ घेऊन त्याचा जाब विचारायला गेले, तेव्हा विल्सन यांनी त्यांना सांगितले की ही विभागणी दोन्ही बाजूंच्या हिताची आहे, आणि ट्रॉटर यांच्या बोलण्याचा सूर न आवडल्याने त्यांना एक प्रकारे दारच दाखवले. ‘तुमच्या हिताचे काय ते आम्हाला अधिक कळते’ हा युक्तिवाद इथे घरच्या माणसांबाबत वापरला गेला आहे. तोच पुढे कॅरिबियन समुद्रात गेला.

विल्सन मुळात राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. राज्यकारभार हे प्रशिक्षित, निःपक्ष माणसांनी शास्त्रशुद्ध रीतीने करायचे काम आहे, असे त्यांनी १८८७ पासून मांडले होते. पुरोगामी चळवळीचा तो एक मुख्य आधारच होता : भ्रष्ट पुढारी आणि मक्तेदार यांच्या हातून कारभार काढून तो जाणत्या, सचोटीच्या तज्ज्ञांकडे सोपवायचा. त्याला त्यांनी दुसऱ्या एका विचाराची जोड दिली होती. स्वराज्य ही कोणी कोणाला देऊन टाकण्याची वस्तू नाही. ते एखाद्या समाजाचे चारित्र्य असते आणि दीर्घ शिस्तीने, संयमाने ते घडवावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपिन्सविषयी लिहिताना त्यांनी याच न्यायाने म्हटले होते की राज्यकारभाराच्या या गहन विषयात फिलिपिनो लोक अजून मूल आहेत आणि आपण प्रौढ आहोत. या दोन विचारांची सांगड घातली की, ज्या समाजाला अजून ‘शिस्त’ लागलेली नाही तिथे जाऊन जकात, पोलीस आणि तिजोरी आपल्या तज्ज्ञांच्या ताब्यात घेणे हे आक्रमण न वाटता शिकवणी वाटू लागते. विल्सन यांना ते मनापासून तसेच वाटत होते. म्हणून ढोंग हा शब्द मला अपुरा वाटतो. ढोंगी माणूस पुरावा समोर आला की निदान ओशाळतो. जो स्वतःला पालक समजतो त्याला तोच पुरावा पाल्याच्या हट्टीपणाचा वाटतो.

थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी तुलना केली की हे अधिक उमगते. रूझवेल्टही पुरोगामीच होते आणि १९१२ मध्ये त्यांनी त्याच नावाचा पक्ष काढून निवडणूक लढवली. पण त्यांचा साम्राज्यवाद उघड होता : बलिष्ठ राष्ट्राने शेजारच्या प्रदेशात पोलिसाचे काम करावे आणि त्याबद्दल संकोच बाळगू नये. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला तेव्हा अमेरिकन युद्धनौकांनी कोलंबियाच्या सैन्याला रोखले, आणि नंतर आपण कालवा घेतला असे रूझवेल्ट अभिमानाने सांगत. विल्सन सत्तेवर आल्यावर त्यांच्या सरकारने १९१४ मध्ये कोलंबियाशी करार करून झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि अडीच कोटी डॉलर देऊ केले. रूझवेल्ट संतापले आणि सिनेटने तो करार अडवून धरला. १९२१ मध्ये तो संमत झाला, पण खेदाचे वाक्य गाळून. विल्सन यांचा हेतू प्रामाणिक होता याचा हा सबळ पुरावा आहे. ऑक्टोबर १९१३ मध्ये अलाबामातल्या मोबील येथील भाषणात त्यांनी जाहीर केले होते की अमेरिका यापुढे कधीही जिंकून घेऊन एक फूटभरही भूमी वाढवणार नाही. शब्दशः पाहिले तर ते त्यांनी पाळले. फक्त भूमी न जिंकताही देश ताब्यात ठेवता येतो, हेही त्यांच्याच कारकिर्दीत सिद्ध झाले.

मेक्सिकोत सुरुवात नैतिक भूमिकेने झाली. फेब्रुवारी १९१३ मध्ये जनरल वेर्ता यांनी निवडून आलेले अध्यक्ष मादेरो यांना पदच्युत केले आणि मादेरो यांचा खून झाला. तोवरच्या रिवाजाप्रमाणे प्रत्यक्षात सत्ता चालवणाऱ्या सरकारला मान्यता द्यायची असे, आणि मेक्सिकोत मोठी गुंतवणूक असलेल्या अमेरिकन कंपन्यांची मागणीही तीच होती. विल्सन यांनी ती नाकारली. खुनाने आलेल्या सरकाराला आपण ओळखत नाही, ही भूमिका आजही पटण्याजोगी आहे. परंतु एप्रिल १९१४ मध्ये ताम्पिको बंदरात काही अमेरिकन खलाशांना थोडा वेळ अटक झाली, त्यावरून मानापमानाचा वाद वाढला, आणि वेर्ता यांच्यासाठी शस्त्रे घेऊन एक जर्मन जहाज येत असल्याची बातमी येताच २१ एप्रिलला अमेरिकन फौजा व्हेराक्रूझमध्ये उतरल्या. आपण मेक्सिकन जनतेची सेवा करायला आलो आहोत अशी विल्सन यांची समजूत होती. शहरातले नागरिक आणि नौदल विद्यालयातले कोवळे विद्यार्थी त्या ‘सेवे’शी लढले आणि मारले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेर्ता यांच्याशी लढणारे आणि विल्सन यांना जवळचे वाटणारे काररान्सा यांनीही या कारवाईचा निषेध करून फौजा मागे घेण्याची मागणी केली. हुकूमशहाचा शत्रूसुद्धा परकी फौजेचे स्वागत करत नाही, हा धडा व्हेराक्रूझने दिला होता. विल्सन यांनी तो अर्धाच घेतला : नोव्हेंबरात शहर सोडले, पण मार्च १९१६ मध्ये मेक्सिकन बंडखोर नेते पांचो व्हिया यांनी न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर हल्ला केल्यावर जनरल पर्शिंग यांची मोहीम पुन्हा सरहद्द ओलांडून गेली आणि जवळजवळ वर्षभर व्हिया हाती न लागताच तिथे राहिली.

हैतीचे प्रकरण याहून गंभीर आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी स्थापन केलेले हे प्रजासत्ताक. त्याच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली, पुढे ती ९ कोटींवर आणली, आणि ते कर्ज फेडण्यासाठी हैती पिढ्यान्‌पिढ्या नवी कर्जे काढत राहिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे अध्यक्ष भराभर बदलत होते हे खरे. तरीही परकी कर्जाचे हप्ते सहसा चुकत नव्हते. देशाच्या राष्ट्रीय बँकेत न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेचा मोठा हिस्सा होता, आणि तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा हैतीविषयक सल्ला वॉशिंग्टनचे परराष्ट्र खाते प्रमाण मानत असे. डिसेंबर १९१४ मध्ये ‘मचायस’ या युद्धनौकेवरून उतरलेल्या मरीन सैनिकांनी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या बँकेतून ५ लाख डॉलरचे सोने भर दिवसा पेट्यांत भरून किनाऱ्यावर नेले आणि ते न्यूयॉर्कला रवाना केले. हैतीशी कोणतेही युद्ध चालू नव्हते. आणि त्या वेळी परराष्ट्रमंत्री होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन, ज्यांनी १९०० सालची अध्यक्षपदाची निवडणूक साम्राज्यवादाला विरोध करत लढवली होती.

२८ जुलै १९१५ रोजी अध्यक्ष साम यांना संतप्त जमावाने ठार केले. त्याच दिवशी अॅडमिरल केपर्टन यांचे सैनिक उतरले. काही दिवसांनी विल्सन यांनी नवे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांना लिहिलेल्या पत्रात अशी शंका व्यक्त केली की, जे करणे योग्य दिसते ते करण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याकडे बहुधा नाही. हे पत्र मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. अधिकार नाही हे त्यांना कळले होते. त्यावरचा त्यांचा निर्णय मात्र कारवाई करण्याचाच होता, आणि सुव्यवस्था आल्यावर घटनात्मक सरकार बसवता येईल अशी त्यामागची समजूत होती. अमेरिकन अटी न मानणारे लोकप्रिय उमेदवार बोबो यांना बाजूला सारून दार्तिग्नाव्ह यांची निवड संसदेकडून करवून घेण्यात आली. सप्टेंबरच्या कराराने जकात, तिजोरी आणि सशस्त्र पोलीस दल अमेरिकनांच्या हाती गेले.

पुढचा अडथळा होता राज्यघटनेचा. परकीयांना हैतीत जमीन घेता येणार नाही हा नियम स्वातंत्र्याच्या पहिल्या पिढीपासून चालत आलेला होता, कारण मळेवाले परत आले तर गुलामगिरीही परत येईल ही भीती तिथे कल्पनेतली नव्हती. १९१७ मध्ये संसदेने ते कलम काढायला नकार दिला, तेव्हा पोलीस दलाचे अमेरिकन प्रमुख स्मेडली बटलर यांनी संसदच बंद पाडली. १९१८ मध्ये त्याच पोलीस दलाच्या देखरेखीखाली सार्वमत घेण्यात आले आणि ९८ हजारांहून अधिक मते नव्या घटनेच्या बाजूने, तर हजाराहून कमी विरोधात पडल्याचे जाहीर झाले. निरक्षर शेतकऱ्यांच्या देशात बंदूकधारी शिपायासमोर घेतलेल्या मतदानाचा असा निकाल लागला यात नवल ते काय? हे सार्वमत विल्सन यांच्या जानेवारी १९१८च्या चौदा कलमांच्या भाषणानंतर, म्हणजे युद्धोत्तर जगाचा त्यांचा आराखडा मांडून झाल्यावर, अवघ्या काही महिन्यांनी घडले. दरम्यान रस्ते बांधण्यासाठी जुना वेठबिगारीचा कायदा उकरून काढून गावोगावच्या माणसांना दोरीने बांधून कामावर नेले जात होते. त्यातून ‘काको’ बंडखोरांचा उठाव पेटला. त्यांचे नेते शार्लमान पेराल्त यांना १९१९च्या शरद ऋतूत फितुरीने मारल्यावर त्यांचा मृतदेह दरवाजाच्या फळीला टेकवून छायाचित्र काढले गेले, आणि दहशत बसावी म्हणून त्याच्या प्रती वाटल्या. हैतीच्या कॅथलिक जनतेने त्यात क्रुसावरचा ख्रिस्त पाहिला. पुढच्या वर्षी मरीन दलाचे सेनापती बार्नेट यांचे पत्र उजेडात आले आणि स्थानिकांच्या सरसकट हत्यांचा उल्लेख खुद्द त्यांनीच केल्याचे अमेरिकन वाचकांना कळले.

शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाची हकीकत थोडक्यात सांगतो. तिथली जकात १९०५ पासून अमेरिकनांच्या हाती होतीच. अमेरिकन आर्थिक सल्लागार आणि अमेरिकन नेतृत्वाखालचे पोलीस दल नाकारल्यावर नोव्हेंबर १९१६ मध्ये तिथे थेट लष्करी राजवट जाहीर झाली आणि अमेरिकन ताबा १९२४ पर्यंत टिकला. त्या राजवटीने घडवलेल्या पोलीस दलात रुजू झालेले त्रुहियो १९३० मध्ये सत्तेवर आले आणि १९६१ मध्ये मारले जाईपर्यंत तो देश त्यांच्या टाचेखाली राहिला.

आता ‘काळच तसा होता’ या उत्तराकडे येतो. तो काळ एकजिनसी मुळीच नव्हता. १८९८ मध्ये बॉस्टनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघ स्थापन झाला होता आणि मार्क ट्वेनपासून उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीपर्यंत नाना तऱ्हेची माणसे त्यात होती. या संघाचे शेवटचे अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हेच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. घरातला वर्णभेद आणि बाहेरचा ताबा यांचे नाते त्यांना शिकवावे लागले नाही. त्याच संघटनेचे जेम्स वेल्डन जॉन्सन १९२० मध्ये हैतीला गेले, आठवडेच्या आठवडे चौकशी केली आणि परत येऊन साप्ताहिकात लेखमाला लिहिली : कर्ज कोणाचे, बँक कोणाची, वेठ कोणी धरली, हे नावानिशी. विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट तर पुरोगाम्यांचे पुरोगामी, कामगार आणि रेल्वेच्या प्रश्नांवर विल्सन यांच्याही पुढे असलेले. त्यांचा आक्षेप असा होता की परदेशातल्या गुंतवणुकीचे रक्षण करण्यासाठी सरकारने सैनिक पाठवले, तर ज्या मक्तेदारांशी आपण घरी लढतो त्यांचेच हात आपण बाहेर बळकट करतो. माझ्या दृष्टीने पुरोगामी तत्त्वातून निघणारे साम्राज्यवादविरोधाचे ते सर्वांत सुसंगत विधान आहे. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या सहा सिनेटरांत ते होते.

हा विरोध सगळाच निर्मळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेतल्या काही सिनेटरांना फिलिपिन्स आणि कॅरिबियन बेटे नको होती, कारण गौरेतर माणसे अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेत यायला नको होती. इतिहासकारांतही यावर मतभेद राहिले. १९५२ साली विल्यम ल्यूक्टेनबर्ग यांनी असे मांडले की पुरोगामी चळवळ बहुतांशी साम्राज्यवादाच्या बाजूनेच होती; नंतरच्या संशोधनाने ला फॉलेट, बोरा, नॉरिस यांच्यासारख्या सिनेटरांकडे लक्ष वेधून ते विधान बरेच मर्यादित केले. चळवळ दुभंगलेली होती आणि विल्सन यांनी त्यातली एक बाजू जाणूनबुजून निवडली, हे मला अधिक ग्राह्य वाटते.

स्वयंनिर्णयाच्या प्रश्नात आपला थेट संबंध येतो. ८ जानेवारी १९१८च्या चौदा कलमांतले पाचवे कलम वसाहतींविषयी होते. त्यात म्हटले होते की सार्वभौमत्वाचे प्रश्न सोडवताना तिथल्या जनतेच्या हिताला राज्यकर्त्या सरकारच्या न्याय्य दाव्यांइतकेच वजन मिळावे. बारकाईने वाचले तर जनतेची इच्छा त्यात नाही, जनतेचे हित आहे, आणि ते हित ठरवणार कोण हे मोघम ठेवले आहे. हैतीची शिकवणी या कलमात सहज बसते. पण जगाने ते इतके बारकाईने वाचले नाही आणि वाचायला हवे होते असेही मी म्हणणार नाही. पारतंत्र्यातल्या माणसाने मिळेल त्या शब्दाला धरून पुढे जायचे असते. लोकमान्य टिळक त्या वेळी ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी लंडनमध्ये होते. डिसेंबर १९१८च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली, परंतु टिळकांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानला स्वयंनिर्णयाचे तत्त्व लावण्याची मागणी केली आणि सोबत त्याच विषयावरची पुस्तिका पाठवली. विल्सन यांच्या चिटणिसाकडून पोच आली : हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विषय योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून विचारात घेतला जाईल. योग्य अधिकारी म्हणजे अर्थातच ब्रिटिश. हिंदुस्थानच्या नावाने तहावर सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या.

टिळकांच्या आधी, जून १९१७ मध्ये, मद्रासचे निवृत्त न्यायमूर्ती सुब्रमणिया अय्यर यांनीही विल्सन यांना पत्र पाठवले होते, आणि त्यावरून ब्रिटिश सरकारने त्रागा केल्यावर त्यांनी आपली ‘सर’ ही पदवी परत केली. लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होमरूल लीग चालवत होते आणि चौदा कलमांचे त्यांनी मनापासून स्वागत केले होते. याच सुमारास विल्सन यांच्याच सरकारने गदर पक्षाच्या कार्यकर्त्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला भरला आणि १९१८ मध्ये अनेकांना शिक्षा झाल्या. ज्यांची आशा ज्या सरकारवर होती, त्यांचेच देशबांधव त्या सरकारच्या तुरुंगात होते.

लान्सिंग यांना हा धोका आधीच दिसला होता. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी खाजगी नोंदीत लिहिले की ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द सुरुंगाच्या दारूने भरलेला आहे, आयरिश, हिंदी, इजिप्शियन आणि बोअर लोकांवर त्याचा काय परिणाम होईल, आणि यातून कधीच पुऱ्या न होणाऱ्या आशा जाग्या होतील. पुढच्या काही महिन्यांत तसेच झाले. इजिप्तचे साद झगलूल यांचे शिष्टमंडळ एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसला पोहोचत होते त्याच सुमारास अमेरिकेने इजिप्तवरच्या ब्रिटिश संरक्षणाला मान्यता दिली. चीनमधला शांडुंग प्रांतातला जर्मन हक्क जपानला गेला आणि पेकिंगमध्ये ४ मेचे आंदोलन उसळले. वंशसमानतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या सनदेत घालावे या जपानच्या सूचनेला सनद तयार करणाऱ्या आयोगाच्या ११ एप्रिलच्या बैठकीत १७ पैकी ११ मते पडली, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याचे कारण देऊन ती बाद ठरवली. त्याच आयोगात इतर बाबी बहुमताने संमत झाल्या होत्या. जर्मनी आणि तुर्कस्तानच्या वसाहती विजेत्यांनी सरळ वाटून न घेता त्यांवर राष्ट्रसंघाची देखरेख ठेवणारी विश्वस्त पद्धत आली. ती जुन्या लुटीपेक्षा बरी होती आणि तिचे श्रेय विल्सन यांना द्यावे लागते. तिचा पाया मात्र तोच होता : स्वतःच्या पायांवर उभे राहू न शकणाऱ्या समाजांची जबाबदारी प्रगत राष्ट्रांनी उचलायची.

मग अमेरिकन सिनेटमध्ये राष्ट्रसंघाचा करार आला. त्याच्या दहाव्या कलमाने सदस्यांनी एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचे रक्षण करायचे होते. बोरा, नॉरिस आणि ला फॉलेट यांनी विचारले की आयर्लंड, इजिप्त किंवा हिंदुस्थान उद्या उठला तर ब्रिटिश साम्राज्याची अखंडता राखायला अमेरिकेने माणसे पाठवायची का? कायद्याच्या दृष्टीने हे ताणलेले होते, कारण ते कलम बाहेरच्या आक्रमणाविषयी होते. राजकीय दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० या दोन्ही वेळी करार फेटाळला गेला. शाळेच्या पुस्तकांत याचे खापर केवळ अमेरिकेच्या अलिप्ततावादावर फोडले जाते. विरोधकांतल्या एका गटाला जगापासून दूर राहायचे नव्हते. त्यांना फक्त साम्राज्यांचे जामीन व्हायचे नव्हते. हा फरक मराठी पाठ्यपुस्तकांतही यायला हवा असे मला तळमळीने वाटते.

राहिला प्रश्न विल्सन यांच्या मोजमापाचा. त्यासाठी मी हैतीशेजारी फिलिपिन्स ठेवून पाहतो. फिलिपिन्सच्या बाबतीत विल्सन यांनी स्वतःचेच जुने मत बरेच मागे टाकले. त्यांचे गव्हर्नर हॅरिसन यांनी प्रशासनातल्या अमेरिकनांच्या जागी फिलिपिनो नेमले. १९१६च्या जोन्स कायद्याने स्थिर सरकार येताच स्वातंत्र्य देण्याचे वचन दिले, निवडून आलेले वरिष्ठ सभागृह दिले, आणि डिसेंबर १९२० मध्ये जाता जाता विल्सन यांनी काँग्रेसला सांगितले की ती अट पुरी झाली आहे, आता वचन पाळावे. एकाच अध्यक्षाने एका वसाहतीला स्वातंत्र्याचे वचन दिले आणि शतकभर स्वतंत्र असलेल्या दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य काढून घेतले. कारणे शोधली तर ती विल्सन यांच्या मनापेक्षा बाहेरच्या परिस्थितीत अधिक सापडतात. फिलिपिनोंचा संघटित पक्ष होता, मनुएल केझोन यांच्यासारखा मुरब्बी प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये बसलेला होता, डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्याचे कलम होते, आणि अमेरिकेतल्या साखर उत्पादकांना ती बेटे जकातभिंतीच्या बाहेरच हवी होती. हैती पनामा कालव्याच्या वाटेवर होता, वॉशिंग्टनमध्ये त्याच्या वतीने बोलणारे वजनदार कोणी नव्हते, आणि ते कृष्णवर्णीयांचे राज्य होते. आफ्रिकी वंशाला राजकीय संघटनेची क्षमताच नाही असे लान्सिंग यांनी १९१८ मध्ये एका पत्रात लिहूनच ठेवले आहे. जिथे शासितांना प्रश्न विचारण्याची सोय होती तिथे विल्सन यांचे पुरोगामित्व हळूहळू स्वातंत्र्याकडे झुकले. जिथे ती नव्हती तिथे ते पोलीस दल आणि जकात नाक्यापाशी थांबले. फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याची मुदत ठरवणारा कायदा १९३४च्या मार्चमध्ये झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मरीन सैनिक हैतीतून निघाले, आणि हैतीच्या तिजोरीवरची अमेरिकन देखरेख १९४७ पर्यंत चालू राहिली.